मफलर बदलून मिळेल

तळेगाव ढमढेरेच्या बाजारात त्या सकाळी एवढं धुकं होतं, की गिऱ्हाईक आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं. शिरीनला आधी नुसता खोकला ऐकू आला. मग धुक्यातून एक उंच पोरगा पुढं आला. ट्रॅकपँट, चिखलानं भरलेले बूट, गारठ्यानं लाल झालेलं नाक, आणि डोळे... डोळ्यांचं काही विचारूच नका.

"नाक-तोंड झाकायला कायतरी द्या," तो म्हणाला. "पहाटं पळतोय. फेब्रुवारीत पोलीस भरती हाय. गार वारं छातीत गेलं की शिट्ट्या वाजत्यात. डॉक्टर म्हणले, तोंड झाकून पळा."

"कुठं पळता?"

"इनामगावला. नदीच्या कडंनं."

शिरीनचे अब्बा, अयुबभाई, थंडीभर गरम कपड्यांचं पाल लावायचे. दौंडकडचे बाजार ते धरायचे, तळेगावचा शिरीनकडे. माणूस बघून त्याला काय लागतं ते तिला कळायचं. मोटरसायकलवाल्याला जाड मास्क, उसाला पाणी धरणाऱ्याला माकडटोपी, म्हाताऱ्याला लोकरीचा मफलर. आणि पळणाऱ्याला पातळ, नळीसारखी गळपट्टी. तिच्यातून श्वास आरपार जातो, ओली झाली तरी लगेच वाळते, नको तेव्हा खाली ओढली की झालं. पाठीमागच्या खोक्यात तशा वीस गळपट्ट्या पडून होत्या.

तिनं त्याला मफलर दिला. लोकरीचा, निळा.

का दिला? हात चुकला म्हणा. तो सहज हाताला लागला, त्यानं गळ्यात गुंडाळला आणि विचारलं, "कसा दिसतोय?" आता अशा वेळी 'हा नको, दुसरा घ्या' म्हणायला माणूस भानावर असावा लागतो.

"न्हाई जमला तर?" जाताना त्यानं विचारलं.

"बदलून मिळंल की," ती म्हणाली.

पुढच्या बाजाराला तो हजर.

"श्वासानं ओला होतो वो. मग थंडगार फडकं बांधल्यागत वाटतं. आन् टोचतो किती!"

खोकं तिथंच होतं. पण मधले सहा दिवस शिरीननं कसे काढले ते तिचं तिला माहीत. भाकरी थापताना, पाणी भरताना, दर थोड्या वेळानं एकच विचार... येईल का? आणि आता तिला साधी गोष्ट उमगली होती. मफलर जमला असता तर हा आलाच नसता. या खेपेला हात चुकला नाही. तिनं शांतपणे माकडटोपी पुढं केली.

"ही? ही आमचे आबा घालत्यात!"

"मग? आबांना शोभत न्हाई का?"

"तुम्ही घालून दाखवा, मंग घेतो."

"मी विकते. घालत न्हाई."

"म्हंजी सोताला पटत न्हाई ते लोकांच्या डोक्यात घालता व्हय?"

तो हसला. शिरीननं स्कार्फ नाकावर ओढून घेतला, पण हसू डोळ्यांत उतरायचं ते उतरलंच.

त्याचं नाव आतिफ, हे टोपी परत आली तेव्हा कळलं. घरी दोघांचीही बोली दखनी. तरी एकमेकांशी ती मराठीतच बोलत राहिली, बाजारात झालेली ओळख बाजाराच्याच भाषेत बरी वाटत होती. टोपीच्या जागी जाड मास्क गेला. मास्कच्या जागी कानपट्टी गेली, जी तोंड झाकतच नाही! बाजार उठला की शिरीन सामान बांधायची आणि तिला वाटायचं, ही थंडी सरूच नये. लोक गारठ्याला वैतागलेले, आणि ही वेडी पहाटे दार उघडून धुकं आहे ना, ते बघून घ्यायची.

जानेवारीच्या शेवटी तो आला तेव्हा हसला नाही. पालाच्या खांबाला टेकून बराच वेळ खोकत राहिला.

"आता काय बदलून देऊ?" तिनं विचारलं.

"काय नगं. सोडतोय मी. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदात पाहिजे, माझं पाच-पन्नासवर गेलंय. दम पुरत न्हाई. छातीतच खोट असंल." त्यानं मान खाली घातली. "पुढच्या साली वय बसत न्हाई. ही शेवटची भरती व्हती."

खोट छातीत नव्हती. खोट पाठीमागच्या खोक्यात होती, आणि ती तिनं दोन महिने जपून ठेवली होती.

आता दिली तर तो जाणार. नाही दिली तर... तिनं खोकं उघडलं.

"ही घ्या. हिच्यातून श्वास आडत न्हाई. अजून बारा दिवस हायेत."

त्यानं गळपट्टी नाकावर ओढली, खोल श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. त्याचे डोळे मोठे झाले. "ही कवा आली?"

"पहिल्या दिवशीपासून हाय." ती म्हणाली. "तवाच दिली असती तर... तुम्ही परत आला नसता."

रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता वळला आणि गर्दीत गेला.

पुढचे बाजार कसे गेले! ती प्रत्येक उंच माणसाकडं बघायची आणि मान फिरवायची. त्याची भरती हुकली तर आपण त्याला कधी तोंड दाखवणार, आणि साधली तर तो कशाला तोंड दाखवेल? दोन्हीकडून तिलाच टोचत होतं. शिवरात्र झाली, अब्बांनी लोकरीचे गठ्ठे बांधून माळ्यावर टाकले. पालावर उन्हाचे रुमाल आणि पांढऱ्या टोप्या आल्या.

मार्चच्या भर दुपारी, रस्ता तापलेला असताना, आतिफ पालासमोर उभा राहिला.

"पाच-आठ," तो म्हणाला. "निवड झाली. उद्या ट्रेनिंगला चाललोय. नऊ महिने."

शिरीनला एकदम रडू आलं, आणि ती मुळीच लपवायला गेली नाही. "माफ करा मला..."

"लई राग आला व्हता. आठ दिस बोललोबी न्हाई कुणाशी." तो टोप्यांच्या ढिगाकडं बघत बोलला. "मग म्हणलं, मी तरी कुठं खरं बोललो? शिरूरला आमच्या मामाचं कपड्याचं दुकान हाय. फुकट मिळालं असतं सगळं. तरी दर बाजाराला एवढ्या लांब सायकल मारत हितं यायचो... कानपट्टीसाठी?"

शिरीननं डोळे पुसले.

"थंडीत सुट्टी मिळंल. तवा येतो. पण काय घ्यायला न्हाई."

"मग?"

"मागायला. अम्मीला घेऊन. तुमच्या अब्बांना सांगून ठेवा."

तो गेला. बाजारभर ऊन नुसतं पेटलं होतं. शिरीननं भिंतीवर टांगायचं कॅलेंडर शेजारच्या पालातून मागून आणलं आणि एकेक पान उलटत डिसेंबरपर्यंत गेली. मधली पानं किती जड होती!