नववा प्रतिध्वनी

दिगंबर हुल्याळकरची किल्ली प्रयोगशाळेच्या कुलपात फिरेना. शकिला अत्तारने सकाळीच कुलूप बदललं होतं. बारा वर्षांपासूनचा भागीदार दार बडवत होता आणि ती आत बसून धुमसत होती. चोर तर चोर, वर शिरजोर!

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीमागे, दोघांनी सुट्या ठोकळ्यांचं घुमार-पेडल बांधलं होतं. ठोकळे जोडून तार छेडली, की कधीच पाडून टाकलेल्या नाट्यगृहाचा घुमारा खोलीत उभा राहायचा. करामत होती आठ विलंबवाटांची. आवाज आठ वाटांनी सोडायचा, प्रत्येक वाटेवर वेगळा उशीर. ते आठ आकडे जुळवायला तीन वर्षं गेली, आणि ते दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. तरी महिन्यापूर्वी परमुलखातल्या एका कंपनीने हुबेहूब तोच घुमारा बाजारात आणला. मग आकडे विकले कुणी? शकिलाने कालच अख्ख्या गल्लीत दिगूचं नाव घेतलं होतं.

शेवटी तिने दार उघडलं. "ये. पुरावाच दाखवते."

त्या कंपनीचं पेडल टेबलावर जोडलेलं होतं. तिने त्यात एकच बारीक टिचका, क्षणभराचा टक् आवाज, सोडला. पडद्यावर रेषा उमटल्या.

"बघ, आठही आपलेच. आणि हा नववा, सतरा मिलिसेकंदांचा. आपल्यात नाही. हा खास त्यांच्यासाठी बनवलास होय रे?"

दिगंबर रेषांकडे बघत राहिला. "शकिला, हे आकडे तुला आत्ता कसे कळले?"

"टिचका सोडून. टिचका परत येताना प्रत्येक वाट आपला उशीर सांगतेच. शाळेतलं पोरही सांगेल!"

"म्हणजे कुणालाही कळतील. एक टिचका ऐकायला मिळाला की झालं."

"आपलं पेडल अजून विकलंय कुठे? टिचका ऐकणार कोण?"

दोघांनीच वर्षापूर्वी याच खोलीत करून इंटरनेटवर टाकलेली ध्वनिफीत त्याने लावली. सतारीच्या आधी एक टाळी वाजली. शकिलाची. मैफलीआधी टाळी वाजवून खोली जोखायची, ही सतारी बनवणाऱ्या अब्बांची सवय तिने उचलली होती. ती टाळी पेडलमधूनच गेली होती; टिचक्याचंच काम तिने केलं होतं.

"योगायोग!" ती म्हणाली. "मग नववा?"

दिगंबरने खिशातून मोजपट्टी काढली. मायक्रोफोनपासून समोरच्या लोखंडी कपाटापर्यंत ताणली. दोन मीटर ब्याण्णव.

"आवाजाला जाऊन-येऊन सतरा मिलिसेकंद," तो म्हणाला. "त्यांच्या नक्कलयंत्राने तुझी टाळी जशीच्या तशी उचलली. आपलं कपाटसुद्धा. मी आकडे दिले असते तर आठच दिले असते ना?"

या अल्लाह, हे मी काय करून बसले! शकिलाने नवी किल्ली टेबलावरून त्याच्यापुढे सरकवली. "दिगू, चुकले रे मी. गल्लीत मी स्वतः सांगते सगळ्यांना."

"आकडे नवे शोधशील तू," तो मोजपट्टी गुंडाळत म्हणाला. "आज गल्लीतून येताना बारा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी चहा विचारला नाही."

त्याने आपली जुनी किल्ली नव्या किल्लीशेजारी ठेवली आणि तो निघून गेला. दोन्ही किल्ल्या टेबलावरच राहिल्या.