नडगीवरचा तळहात

“हलू नका! पायाशी खिळा पडलाय.”

शिडीवरचा माणूस ओरडला आणि मी परळच्या त्या सभागृहात होते तिथेच थिजले. तो उतरला, माझ्या चपलेजवळचा खिळा उचलून हसला. “मी विनीत. शामरावांच्या चित्रांचं हे प्रदर्शन मीच मांडतोय. उद्‌घाटन पाचला आहे, तुम्ही चारलाच?”

“आत्यासाठी खुर्ची मिळेल का, विचारायला आले. तिचे गुडघे दुखतात. आणि... भिंतीवर ती आहे.”

माझा आवाज मुळातच लहान. शेवटचं त्याला ऐकूच गेलं नाही.

शामराव चित्रकार लालबागला आमच्याच चाळीत राहायचे. त्यांचं ते चित्र म्हणजे शिसपेन्सिलीच्या नऊ-दहा रेघा. जमिनीवर बसलेली बाई. चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत. लुगडं गुडघ्यापर्यंत वर, उघड्या नडगीवर तळहात. शेजारी एक वाटी.

मी खालची पाटी वाचली.

‘गिरणी संप, १९८२. रिकामी वाटी, आणि विकायला उरलेलं शरीर.’

“ही पाटी काढा,” मी म्हटलं. “ही माझी मालन आत्या आहे. तासाभरात ती येऊन हे वाचेल.”

त्याचं हसू मावळलं. “पण तो काळ बघा ना. चूल बंद, बाई अशी बसलेली... ओळख लपवायला चेहरासुद्धा काढला नाही.”

“त्यांनी चेहरा कोणाचाच काढला नाही हो.”

“मग तो हात काय करतोय? सांगा.”

नुसतं सांगून पटलं नसतं. माझा लाख वातींचा संकल्प आहे. रोज एकशे आठ वळल्याशिवाय मी जेवत नाही. कापूस नि राखेची डबी पिशवीत असतेच. मी फरशीवर बसले. परक्या पुरुषासमोर साडी वर सरकवायची... कान तापले. देवाचं नाव घेतलं, बोटाला राख लावली, नडगीवर कापूस ठेवून तळहात फिरवला. वात वळली गेली.



त्याने एकदा माझ्याकडे, एकदा चित्राकडे पाहिलं. मग पटकन नजर खाली घेतली—आणि वळलेली वात उचलून तोही फरशीवर बसला.

“वाटीत... राख?”

“राख. संपात आत्या दादरच्या फुलबाजारात वाती विकायची. चार तोंडं जगवली तिने.”

“मी भूक पाहिली,” तो पुटपुटला, “काम पाहिलंच नाही.”

हातातली वात खिशात सारून पाटी त्याने टराटरा फाडली.

पाचला आत्या काठी टेकत आली. आम्ही दोघं बाजूला उभे. तिने नवी पाटी मोठ्याने वाचली, “मालन, वाती वळताना. लालबाग, १९८२.” मग विनीतकडे वळली. “वाटी मोठी काढल्यान रे त्या शामरावान! येवढी राख खंय होती?”

विनीत मोकळं हसला. मग हळूच माझ्याजवळ आला. “तुमची वात माझ्या खिशात राहिलीय.”

“द्या. संकल्पातली आहे ती.”

“इथे नाही. घरी आणून देईन... चालेल?”

“उद्या सातला दिवा लावते,” मी साडीच्या काठाकडे बघत म्हटलं. “उशीर केलात तर दिवा थांबत नाही.”

“आणि तुम्ही?”

आत्या चित्र बघायचं सोडून आमच्याकडेच बघत होती.

“मी... थांबेन.”

अगदी हळू बोलले होते. हे मात्र त्याला नीट ऐकू गेलं.