नवं खाण्याआधीचा प्रश्न

जव्हार डेपोत त्या दिवशी खोडाळ्याची गाडी लागतच नव्हती. भाद्रपदातलं मळभ, अंगाला चिकटणारी रिपरिप, आणि बाकावर माझ्या शेजारी एक चष्मेवाला, मांडीवरची बॅग लेकरासारखी जपत बसलेला.

"गाडी येण्याची शक्यता तीस टक्के," तो आपणहून म्हणाला.

"तीस टक्के म्हणजे? नुसतं पुढचं चाक येणार का?"

तो हसला. मी उगाचच ओढणी सारखी केली. गाडी आली नाही. आम्ही जीपनं गेलो, गुडघ्याला गुडघा लावून, आणि खोडाळा कधी नव्हे ते फार लवकर आलं.

धनेश त्याचं नाव. जव्हारच्याच मास्तरांचा मुलगा, पण आता नाशिकला. तिथं एक पूर्वानुमान अभ्यास मंडळ होतं. नफा न कमावणारी संस्था. प्राध्यापक आणि आकडेमोडीची हौस असलेली माणसं. पुढं काय होईल याचा अंदाज बांधायचं शास्त्र वाढवायचं, एवढंच त्यांचं काम. मंडळाचा एक दंडक होता. अंदाज शंभरात किती ते आधी जाहीर करायचं, आणि चुकला तर वार्षिक सभेत ज्यानं त्यानं उभं राहून वाचून दाखवायचा. यंदा त्यांचा प्रश्न होता, भातकापणीनंतर आमच्या पाड्यावरची किती घरं वीटभट्टीवर जातील? त्यावरून एक संस्था ठरवणार होती, मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह यंदाही उघडायचं की नाही. माझी धाकटी बहीण गोदी गेल्या साली तिथंच राहून चौथी पास झाली होती.

मला बोली येते, म्हणून त्यानं मला सोबत घेतलं. दारोदार एकच प्रश्न, दिवाळीनंतर कामाला जाणार का?

"कुठं नाय जात. हितंच हाव," सावळाकाका म्हणाले. रखमीमावशी तेच म्हणाली. माझी आईसुद्धा. भात यंदा बरं होतं, त्यामुळे धनेशला पटलं. मलाही पटलं, याचंच आता नवल वाटतं.

"आज तू हसण्याची शक्यता किती?" बांधावरून जाताना तो विचारायचा.

"तुम्ही घसरलात तर शंभर."

एकदा तो खरंच घसरला, आणि मी हसले नाही… हात दिला. तो सोडायचं दोघंही विसरलो.

आश्विनात लोंब्या पिवळ्या पडल्या तेव्हा त्यानं विचारलं, "प्रमिला… कापणीनंतर माझ्याबरोबर नाशिकला येशील? लग्न करून?"

माझी कानशिलं तापली. समोरच आई विळ्याला धार लावत होती.

"मी इथंच आहे," मी मान खाली घालून म्हणाले.

"नक्की?"

"शंभर टक्के."

माझ्या लेखी तो होकारच होता. आमच्या पाड्यावर नवं खाईपर्यंत, म्हणजे नवा तांदूळ देवाला दाखवून घरात शिजेपर्यंत, घर सोडायची भाषा कुणी करत नाही. शेतातलं धान्य ऐकतं म्हणतात, रुसून आधी तेच निघून जातं. तोवर विचारलं तर सगळे 'इथंच' म्हणतात, आणि विचारणारा नवं झाल्यावर पुन्हा विचारतो. आपल्या घरातल्या धुराचा वास आपल्याला येत नाही, तसं झालं. त्याला हे सांगायचं मला सुचलंच नाही. ना पाड्याबद्दल, ना माझ्याबद्दल.

नवं झालं. मी रोज संध्याकाळच्या गाडीला फाट्यावर जायची. धनेश नाशिकला गेला तो परत आला नाही. आले ते भट्टीचे टेम्पो. घरं जाणारच नाहीत म्हटल्यावर वसतिगृह उघडलंच नव्हतं, म्हणून गोदी दप्तरासकट आईबरोबर टेम्पोत चढली. पाड्यावर म्हातारी माणसं, कोंबड्या आणि मी राहिलो. मी राहिले, कारण मला कुणी पुन्हा विचारणार होतं.

तो मार्गशीर्षात आला, अवकाळीच्या झिमझिमीत. कुलपं बघत बघत माझ्या ओट्यापाशी येऊन थांबला.

"सभेत वाचला मी माझा अंदाज. ऐंशी टक्के घरं राहतील म्हटलं होतं. का चुकला, ते मात्र सांगता आलं नाही."

मी सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"मग मी तुला विचारलं तेव्हा…"

"भात शेतातच होतं."

"एक फोन तरी करायचास."

"आमच्यात विचारणारा परत येतो. मी वाट बघत होते, धनेश. फार बघितली."

त्यानं चष्मा काढून पुसला. तेव्हा मला त्याच्या बोटातली नवी अंगठी दिसली.

"गेल्या रविवारी साखरपुडा झाला," तो हळूच म्हणाला. "मी तुझं शंभर टक्के खरं धरलं."

"मला तुम्ही आवडला होतात. अजून आवडता." आता सांगून काही होणार नव्हतं, तरी सांगितलं.

"मलाही… तू."

फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"पुढच्या वर्षी मंडळाचं कुणीतरी येईल. नवं झाल्यावरच विचारेल."

"वसतिगृह उघडेल?"

"नव्वद टक्के…" तो थांबला. "उघडेल. गोदीला सांग."

गाडी नेमकी त्या दिवशी वेळेवर आली. पायरीवर पाय ठेवून तो वळला. "त्यांना घरं दाखवायला तू असशील ना इथं?"

"शंभर टक्के," मी म्हणाले.

नवं खाऊन झालं होतं. या वेळी ते खरं होतं.