उजव्या हाताच्या मशाली

काम एवढंच होतं, की टीव्हीखालचा गेमचा डबा काढून ठेवायचा. मामा संध्याकाळी येणार होता, त्याच्या पोरांसाठी डबा न्यायचा होता. वायरी गुंडाळायच्या, दोन्ही रिमोट पिशवीत टाकायचे, पिशवी दाराशी ठेवायची. आईने हे सकाळी भिंतीकडे बघत सांगितलं होतं. ताई गेल्यापासून आई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती, आणि तो काळा डबा दारातूनही दिसायचा.

मला नीट सांगता येईलच असं नाही. शाळा मी मध्येच सोडली, आता टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. पण बसलाच आहात, तर तो दिवा तेवढा राहू द्या आणि ऐका.

ताई वायरिंगची कामं करायची. इमारतीत खिडक्या बसायच्या, लिफ्ट लागायची, त्याच्या आधी ती आत जायची. अंधारात शिरताना तिची एक सवय होती. दाराशी एक बल्ब लटकवायचा, थोडं पुढे गेलं की दुसरा, मग तिसरा, आणि सगळे डाव्या हाताला. परत फिरलं की तेच बल्ब उजव्या हाताला येतात. उजेड उजवीकडे ठेवून चालत राहिलं की माणूस बरोबर दारात पोचतो. बल्बही ती उंच लावायची नाही, गुडघ्याजवळ लावायची. घाबरलेला माणूस वर बघत नाही, पायाखाली बघतो, असं तिचं म्हणणं. आत जायच्या आधी बाहेर यायची सोय करावी, हे तर ती इतक्यांदा म्हणायची, की मी तिची नक्कल करायचो.

गेममध्येही तिचं तेच. त्या गेममध्ये जिंकणं-हरणं नसतं. एक रिकामी दुनिया असते. झाडं तोडायची, दगड फोडायचे, घर बांधायचं, आणि रात्र पडली की जीव सांभाळायचा. पडदा मधोमध दुभागला जायचा, डावा अर्धा ताईचा आणि उजवा माझा. डोंगराच्या पोटाशी तिने घर बांधलं होतं. दोन खोल्या, पुढचं दार, मागचं दार, आतल्या खोलीत शेजारीशेजारी दोन पलंग. अंधारात जी जनावरं अंगावर यायची, त्यांना ती पाहुणे म्हणायची. "पाहुणे आले रे, वाढ त्यांना," असं म्हटलं की मी तलवार काढायची.

त्या दुनियेत रात्र आपोआप सरायची नाही. दोघांनीही पलंगावर आडवं व्हावं लागायचं. एक जरी जागा राहिला तरी सकाळ नाही. मी पलंगावर पडून राहायचो आणि ताई मुद्दाम अंगणात उड्या मारत बसायची. ओट्यावरची भांडी घासल्याशिवाय सकाळ मिळणार नाही म्हणायची. ओट्यावरची म्हणजे खरी भांडी. मी चरफडत उठून घासायचो.

आणि नियम तिने सगळ्यात कडक निवडला होता. आमच्यातलं कुणी एकदा मेलं की दुनियाच पुसली जाणार, घरासकट. हा काय जाच आहे, असं मी विचारलं होतं. त्याशिवाय तू बघून चालायला शिकणार नाहीस, भिंगरी, म्हणाली. भिंगरी म्हणजे मी. माझा पाय जागेवर ठरत नाही म्हणून.

आम्ही शेवटचे खेळलो त्या दिवशीही मी काहीतरी चकाकताना बघून एका भुयारात घुसलो होतो. मशाली हाताला येतील तशा ठोकल्या, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी छतालाच. मग वळलो तर वाट कुठली ते कळेना. ताई हसता हसता खोकायला लागली. "आहेस तिथेच थांब. हलू नकोस. मी येते न्यायला."

पडद्यावरचा तिचा माणूस घराच्या दारापर्यंत आला, तिथेच राहिला. खोकला थांबेना. रिमोट ठेवून ती म्हणाली, उद्या आणते तुला. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथून तिला आम्ही घरी आणलं ते ती गेल्यावरच.

तर मामा येणार होता त्या दुपारी मी वायर उपटायला हात घातला आणि वायर न उपटता बटण दाबलं. विचार केला असता तर दाबलं नसतं. पडद्यावर ऊन येत होतं म्हणून खिडकी लावून घेतली. पडदा दुभागला नाही. दुसऱ्या रिमोटचे सेल मीच काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले होते, तो चालू होणार कसा? सगळाच्या सगळा पडदा माझा. लहानपणापासून मला हेच हवं होतं. आता मिळालं, तरी मी उजव्या अर्ध्यातच बघत होतो.

भुयारात मी होतो तिथेच उभा होतो. जिवाचे म्हणून खाली लाल बदाम दिसतात, त्यातले दोनच उरले होते. खायला काही नाही, मशाल एकही नाही. जवळच भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

तसंच बंद करून पिशवीत भरावं, हे मनात आलं होतं. पण मामाचा धाकटा मला माहीत आहे, माझ्यावर गेलाय. पहिल्याच मिनिटाला तो या भुयारात पळत सुटणार, मरणार, आणि पडदा काळा होणार. मग ताईचं घर, दोन पलंग, अंगणातली तिने लावलेली वाकडी झाडं, काहीच उरणार नाही. मी ठरवलं, आधी घरी पोचायचं. दार लावून घ्यायचं. मग डबा कुणालाही जाऊ दे.

मी चालायला लागलो. खडीवर पावलं वाजत होती, खर्र, खर्र. माझ्याच मशाली मला फसवत होत्या. एक डावीकडे लागायची, पुढची उजवीकडे, आणि त्यांच्या मागोमाग गेलं की भिंत यायची. तेवढ्यात खोलीत एक वास आला. रबरी टेपचा आणि तापलेल्या वायरीचा. ताई कामावरून आली की तिच्या हत्यारांच्या पिशवीला तो यायचा. ती पिशवी ताई गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच तिच्या ठेकेदाराकडे परत गेली होती, मीच देऊन आलो होतो. मी टीव्हीच्या मागे हात घालून बघितलं. वायरी थंड होत्या.

दारात आई उभी होती. आवाज ऐकून आली होती. मला वाटलं आता ओरडेल. पण ती आत आली, सरळ ताईच्या जागेवर येऊन बसली, आणि मामासाठीच्या पिशवीत मी टाकलेला दुसरा रिमोट काढून तिने मांडीवर धरला. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं, बदाम, भुयार, घर. तिने विचारलं, घर म्हणजे तिचं ना? मी म्हटलं, हो.

मग आम्ही दोघं बघत राहिलो. खर्र, खर्र. मी थांबलो.

"पुढे कोण चाललंय?" आई म्हणाली.

"कोणी नाही, आई. माझीच पावलं आहेत."

"तू थांबलास... तरी एक पाऊल पडतं."

मी चार पावलं टाकली आणि अंगठा उचलला. खर्र. एक पाऊल पुढे, काळोखात. आईने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

पुढे भुयाराला तीन फाटे फुटले. दोन फाट्यांत माझ्याच मशालींचा लखलखाट, तिसरा काळाकुट्ट. मागच्या अंधारातून पाहुण्याने गाठलं. पाठीत फटका बसला आणि बदाम एकावर आला. आता पळायचं, एवढंच मला सुचलं. सगळ्यात जास्त उजेड होता त्या फाट्याकडे मी वळणार, तोच आईने माझं मनगट धरलं.

"हलू नकोस," ती म्हणाली.

ताईने ते म्हटलं होतं तेव्हा आई घरात नव्हती. मी तिला कधी सांगितलंही नव्हतं. माझा अंगठा तसाच राहिला. पाहुण्याचा श्वास अगदी कानाशी आला. उष्ण वाटला, हे मी खरं सांगतो. टीव्ही समोर होता आणि श्वास माझ्या मानेवर होता.

काळ्या फाट्यात मशाल लागली.

उजव्या हाताला. गुडघ्याजवळ.

उजेडात पाहुणे येत नाहीत. मागचा श्वास थांबला. मी त्या मशालीपाशी गेलो. तिथून काळोखात बघत राहिलो, आणि पुढची लागली. तीही उजवीकडे, तीही खाली. मी पोचेपर्यंत पुढची लागायची नाही. पळायला लागलो तर लागतच नव्हती. दोनदा मी घाई केली आणि दोन्ही वेळा अंधारात उभा राहिलो. मग कळलं आणि हळू चालायला लागलो. आई माझ्या प्रत्येक पावलाबरोबर मान हलवत होती, मूल चालायला शिकतं तेव्हा हलवतात तशी.

मनाला मी समजावत होतो. त्या दिवशी ताई आली असेल भुयारात, मला दिसलं नसेल. गेममध्ये काहीतरी बिघाड असेल. पण तिचा माणूस दारातून पुढे गेला नव्हता, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मशाली आधीपासून लावलेल्या नव्हत्या. माझ्यासमोर लागत होत्या.

"हळू जा रे," आई पुटपुटली. ते तिने मला म्हटलं की पुढच्याला, कोण जाणे.

भुयार संपलं. बाहेर त्या दुनियेत रात्र होती, आणि डोंगराच्या पोटाशी खिडकीत उजेड होता. वाकडी झाडं होती. पुढचं दार उघडं होतं. आत गेलो आणि दार लावलं. एक बदाम शाबूत होता. माझे हात इतके ओले झाले होते की रिमोट निसटत होता. मी बहुतेक रडत होतो. आईने पदराने माझं तोंड पुसलं. ताई गेल्यापासून तिने मला असं जवळ केलं नव्हतं.

आता फक्त झोपायचं राहिलं होतं. मी माझ्या पलंगावर आडवा झालो. खेळायला मी एकटाच होतो, तेव्हा लगेच सकाळ व्हायला हवी होती. झाली नाही. पडदा अंधुक झाला आणि खाली तीच ओळ आली, जी मी शेकडो वेळा बघितली होती. एक जण झोपला आहे, दुसऱ्याची वाट बघतो आहोत.

आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. तिने विचारलं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं.

बराच वेळ गेला. घड्याळ टिकटिकत होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पडद्यावर रात्र सरेना, आणि अंगणातून आवाज येत होता. उड्या मारल्यासारखा. धप्. धप्.

मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर सकाळपासूनची भांडी पडली होती. ती घासली, पालथी घातली आणि हात न पुसताच परत आलो. मांडीवरच्या रिमोटवर हात फिरवत आई हळूच म्हणाली, "झाली बाई भांडी. झोप आता..."

धप्‌ थांबलं. शेजारचा पलंग करकरला. खालची ओळ गेली, आणि सकाळ झाली.

मी बघितलं तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. मागचं दार उघडं होतं. दारातून एक वाट डोंगरापलीकडे जात होती, जिकडे आम्ही दोघं कधीच गेलो नव्हतो. त्या वाटेवर दाराशी एक मशाल होती. गुडघ्याजवळ. डाव्या हाताला.

डावीकडे म्हणजे कुणीतरी बाहेर निघालं होतं. परत यायची सोय करून.

संध्याकाळी मामा आला. आई दारातच त्याला म्हणाली, डबा देणार नाही, घर आहे त्यात. मामाला काही कळलं नाही, पण आईला न रडता बोलताना बघून तो काही विचारण्याच्या भानगडीत पडला नाही. पाणी पिऊन गेला.

तेव्हापासून कामावरून आलो की मी आधी भांडी घासतो. मग आम्ही दोघं बसतो. मी गेममधल्या झाडांना पाणी घालतो, आई ताईच्या जागेवरून सूचना देते, आणि मागच्या दारात उभं राहून आम्ही बघतो. दर वेळी एक मशाल वाढलेली असते. रांग आता डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे उतरली आहे. त्या वाटेने मी गेलो नाही, पाय शिवशिवतात तरी. मला थांब म्हटलंय.

काल मात्र दारातल्या पहिल्या मशालीसमोर, वाटेच्या दुसऱ्या बाजूला, अजून एक लागलेली होती. दारातून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे तिकडून इकडे यायला निघालेल्याच्या डाव्या हाताला. ताई दोन्ही बाजूंना कधीच लावायची नाही. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. मग आई उठली आणि तिने आमच्या खऱ्या घराच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवली.