चार इंचांची फक्की

ल्यूशियस गेला त्याच्या पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी शाळेच्या शेडमधून साखळी आणायला गेलो. काम नेहमीचंच. पन्नास वर्षं ते करत आलोय. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना नारिंगी काठ्या, आणि मधे कुठेही लावता येईल असा लोखंडी चिमटा. गंज धरू नये म्हणून मी ती दर मोसमाला तेलाने पुसतो. पुढची काठी धरणारा बर्नी कॉस्टेलो म्हणतो, "एमिल, बायकोला इतकं जपलं असतंस तर ती सोडून गेली नसती." खोटं नाही ते.

तुम्ही आमचा फुटबॉल पाहिला नसेल तर इतकंच ध्यानात ठेवा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याच्या हातात. पंचाला शंका आली की आम्ही साखळी घेऊन मैदानात धावतो आणि मोजून दाखवतो. बाजूला धरलेली साखळी आत नेताना जागा चुकू नये म्हणून चिमटा. साखळी जिथे फक्कीची रेघ ओलांडते, तिथे रेघेच्या मागच्या कडेवर तो लावायचा, आणि आत गेल्यावर त्याच रेघेच्या त्याच कडेवर टेकवायचा. रेघ चार इंच रुंद असते. चिमटा माझ्याकडे.

आणि ल्यूशियस टार्व्हर हा चेंडू काखेत घेऊन पळणारा आमचा गडी. आमच्या कार्व्हर्स लँडिंगमध्ये, ओहायो नदीच्या या काठावर, त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. पुढे तो मोठ्या संघांत नऊ वर्षं खेळला, टीव्हीवर दिसला, मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. पण गावाला तो आठवतो तो अठरा वर्षांचा. गुडघे छातीपर्यंत यायचे त्याचे पळताना, आणि तोंडातून वाफ निघायची.

त्याच्या शाळेतल्या शेवटच्या सामन्यात, पलीकडच्या काठावरच्या संघाविरुद्ध, आम्ही चार गुणांनी मागे होतो. दोन मिनिटं उरली होती. चौथा प्रयत्न. सगळ्या जगाला ठाऊक होतं चेंडू कुणाकडे जाणार. तीन जण अंगावर घेऊन तो पुढे पडला, नदीकडच्या गोलपासून अडतिसाव्या यार्डाशी, हात लांब करून. पंचाने आम्हाला बोलावलं. पाऊस पडून चिखल झाला होता. माझा तो पहिलाच मोसम, वय बावीस, हे काम वडिलांनी चार लोकांच्या विनवण्या करून मिळवून दिलेलं. पस्तिसाव्या... नाही, चाळिसाव्या यार्डाच्या रेघेची मागची कड चिखलात बुजली होती. पुढची स्वच्छ, पांढरी दिसत होती. हात तिकडे गेला.

चेंडू काठीपासून तीन बोटं कमी पडला.

वाकलेलो असतानाच मला कळलं, कड चुकली, साखळी चार इंच पुढे गेली होती, आणि तीन बोटं म्हणजे जेमतेम दोन इंच. पंचाने हात वर केला होता, पलीकडचे लोक नाचायला लागले होते. नुसतं "थांबा" म्हणायचं होतं. ल्यूशियस जमिनीवरून म्हणत होता, "पोचलोय मी. मला माहितेय मी कुठे पडलो ते." मी चिमटा उचलला आणि खाली मान घालून बाजूला गेलो.

त्यानंतर 'तीन बोटं' ही गावातली गंमत झाली. बारमध्ये तो शिरला की कुणीतरी तीन बोटं वर करायचं. तो हसायचा, पण दर वेळी म्हणायचा, "पोचलो होतो." मीही तिथेच बसलेला असायचो. एकदा तर त्याच्याच पैशाची बिअर पीत होतो.

म्हातारपणी त्याचं डोकं गेलं. इतके मार डोक्यावर घेतल्यावर दुसरं काय होणार? नावं विसरला, धाकटी बहीण व्हर्ना त्याला सांभाळायची, तिलाही कधी कधी आई म्हणायचा. एक गोष्ट मात्र विसरला नाही. गेली दोन वर्षं तो पहाटे घरातून निसटायचा, मैदानात जायचा आणि त्या जागी पालथा पडायचा, उजवा हात पुढे ताणून. माझं घर नदीकडच्या टोकाला, गोलच्या खांबांच्या सरळ रेषेत. कुत्र्याला घेऊन फिरायला निघालो की तो दिसायचा. मी हात देऊन उठवायचो.

"मोज ना रे," तो म्हणायचा.

"मोजू नंतर. चल, व्हर्ना वाट बघतेय."

"पोचलोय मी."

"हो, हो. चल."

नोव्हेंबरच्या त्या रविवारी थंडी फार होती, मी अंथरुणातून उठलोच नाही. गवत कापणाऱ्याला तो सापडला. सगळ्या मैदानावर पांढरं दव गोठलं होतं. त्याला उचललं तेव्हा खाली माणसाच्या आकाराचं हिरवं गवत राहिलं, एक हात लांब केलेलं.

आमच्याकडे जुना खेळाडू गेला की त्याच्या सर्वांत लांब धावेवरून साखळी चालवतात. गाव जमतं, जो तो आपल्या जुन्या जागेवर बसतो, मेलेल्यांच्या जागा रिकाम्या ठेवतात. दहा-दहा यार्ड साखळी टाकत जायचं, आणि प्रत्येक टप्प्याला कुणीतरी उठून एक आठवण सांगायची. ल्यूशियसची धाव ऐंशी यार्डांची, म्हणजे आठ आठवणी. दुपारचे चार वाजले होते, नदीवरून धुकं चढत होतं, आणि ओल्या लोकरीचा, कॉफीचा वास गॅलरीभर पसरला होता. व्हर्ना पहिल्या रांगेत त्याचा लाल शर्ट मांडीवर घेऊन बसली होती.

पहिल्या टप्प्याला पलीकडच्या काठावरचा एक म्हातारा उठला. त्याने ओठ वर करून दाताची खिंड दाखवली. "हा दात याच मैदानात आहे. ल्यूशियस माझ्यावरून गेला तेव्हा पडला. मी नवा बसवला नाही. नातवंडांना काय दाखवू मग?" सगळे हसले. मग एक बाई म्हणाली, "गिरणीतल्या संपाच्या हिवाळ्यात आमच्या पायरीवर कोळशाची पोती यायची. कोण टाकतं कळेना. आई म्हणायची, इतक्या जोरात पळून जाणारा या गावात एकच आहे." ती खाली बसली. तिसऱ्याने सांगितलं, चौथ्याने सांगितलं. धुकं इतकं दाटलं की पुढच्या काठीपाशी बर्नी आहे की नाही, दिसेना.

पाचव्या वेळी साखळी त्या जागेवरून गेली.

टाकताना ती नेहमीसारखी खुळखुळली. मग आवाज एकदम बंद झाला. मी काठी उचलायला गेलो तर साखळी ताठ. पुढून बर्नीची हाक आली, दबकी.

"एमिल... ओढू नकोस."

"मी नाही ओढत."

"मग कोण..."

मी साखळी धरून पुढे गेलो. दोन यार्डांवर ती जमिनीला चिकटली होती. दोन्ही हातांनी उचलून पाहिली, हलेना. वर काही नव्हतं. गवत मात्र चेपलेलं होतं, कुणीतरी पालथं पडल्यावर चेपतं तसं, आणि ते हळूच वर येत होतं, पुन्हा दबत होतं. श्वास घेतल्यासारखं. मातीचा आणि घामाचा वास आला. चालू सामन्यातला, गरम वास.

गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "अरे तिथेच तर तीन बोटं!" हशा पिकला. व्हर्ना हसली नाही. तिने माईक माझ्याकडे पाठवला. "एमिल, त्या दिवशी तू वाकून बघत होतास. पाचवी आठवण तू सांग."

देवाशपथ सांगतो, शब्द तोंडात तयार होते. कड चुकली. चार इंच. तो पोचला होता. साडेतीनशे माणसं माझ्याकडे बघत होती. त्यातली निम्मी मला लहानपणापासून ओळखतात, शुक्रवारच्या सामन्याला हात करतात, 'एमिल आणि त्याची साखळी' म्हणतात. माझ्याकडे दुसरं काय आहे?

"फार मोठा गडी होता," मी म्हणालो. "असा पुन्हा व्हायचा नाही."

टाळ्या पडल्या. हातातली साखळी सैल झाली, इतकी अचानक की मी मागे कोलमडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याला घेऊन निघालो. मैदान पांढरं होतं. अठ्ठाविसाव्या यार्डाशी हिरवा आकार होता, पालथा, उजवा हात नदीकडे ताणलेला. कुत्रं जागच्या जागी बसलं आणि पुढे येईना. त्याच्या पुढच्या दिवशी आकार अठराव्यावर, मग आठव्यावर. चौथ्या दिवशी तो गोलच्या रेघेच्या पलीकडे होता. मला वाटलं, झालं, पोचला, आता संपलं. पाचव्या दिवशी तो मैदानाच्या कुंपणापाशी होता.

बर्नीला नेऊन दाखवला.

"कुत्रं निजलं असेल," तो म्हणाला.

"हात लांब करून?"

ताणलेल्या हाताच्या दिशेने त्याने नजर वर नेली. "एमिल, हे तुझ्या घराकडे का चाललंय?"

त्यानंतर बर्नीने पुढची काठी सोडली, गुडघे दुखतात म्हणाला.

मी शेडमधून साखळी घरी आणली आणि आकार आदल्या दिवसापेक्षा किती पुढे सरकला ते रोज मोजायला लागलो. दहा यार्ड. गाड्यांच्या तळावर, रेल्वेच्या खडीवर, डेपो स्ट्रीटच्या डांबरावर. बर्फ पडलं तेव्हा बर्फात. कधी एक इंच कमी नाही, एक इंच जास्त नाही. माझं माप कधी इतकं बिनचूक नव्हतं.

माझ्या फाटकापासून शंभर यार्ड उरले तेव्हा मी व्हर्नाकडे गेलो. ती पुढच्या खोलीत त्याचे कपडे खोक्यात भरत होती. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. चिखल, बुजलेली कड, चार इंच, सगळं. पन्नास वर्षांनी ते बोलायला अर्धं मिनिट लागलं, आणि मला रडू कोसळलं.

तिने एक शर्ट घडी करून ठेवला. मग दुसरा.

"त्याला माहीत होतं कुणीतरी चुकलंय," ती म्हणाली. "कोण, ते कळत नव्हतं. मरेपर्यंत विचारत होता. व्हर्ना, कोण होतं गं? मी म्हणायचे, कुणी नाही रे, तूच कमी पडलास. मीसुद्धा." तिने शर्टावरून हात फिरवला. "रोज मी त्याला हेच सांगितलं, एमिल."

"मला माफ कर."

"मी कशाला करू? माझा चेंडू होता का तो?"

मी दाराकडे वळलो. मागून ती हलक्या आवाजात म्हणाली, "आता त्याला कळलं असेल."

तिथून निघालो तो थेट डेपो स्ट्रीटवर, त्या दिवशीच्या खुणेपाशी. उन्हाने ती पुसट होत आली होती. रस्त्याच्या मधोमध गुडघे टेकून मी मोठ्याने म्हणालो, "पोचला होतास तू. मी चुकलो." एका गाडीवाल्याने भोंगा वाजवला. दुसरं काही झालं नाही. मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या रात्री पहिल्यांदा गाढ झोपलो. सकाळी खूण दहा यार्ड पुढे होती.

काल ती माझ्या अंगणात होती. बोटं पायरीला टेकलेली. मी शेजारी बसलो आणि सगळं परत सांगितलं, कडेची खूण मातीत काढून दाखवली, मुलाला समजवावं तसं. ऊन येईपर्यंत सांगत होतो. मग गवत ओलं झालं आणि खूण गेली.

आज उजाडताना खाली आलो. कुत्रं जिन्यावरच थांबलं. स्वयंपाकघराची सगळी फरशी पांढरी झाली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, टेबलाखालीसुद्धा. वाकून बोट लावलं तर गोठलेलं दव. त्यावर पडल्याची खूण कुठेच नव्हती, एक ओरखडासुद्धा नव्हता. गॅलरीत मेलेल्यांच्या ठेवतात तशी ही जागा रिकामी ठेवली होती, माझ्यासाठी. हीटर रात्रभर चालू होता.