पिवळीची चव

"खून झालाय," दारातले गृहस्थ म्हणाले. "आमच्या गच्चीवर. काल संध्याकाळी."

भावोजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कुणाचा?" वहिनींनी शांतपणे विचारलं.

"पिवळीचा."

"मांजर का हो?" भावोजींनी चाचरत विचारलं.

"टोमॅटो!" गृहस्थ कडाडले. "चेरी टोमॅटो! माझ्या बायकोच्या हातचं शेवटचं बी होतं ते."

भावोजींना हसू फुटत होतं, पण गृहस्थांचे सुजलेले डोळे पाहिले आणि ते त्यांनी गिळून टाकलं.

वहिनींची अर्धी हयात विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी समोरच्या खोलीत खासगी तपासाची पाटी लावली. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. औषधांचं दुकान विकल्यापासून ते प्रत्येक तपासाला वहिनींच्या मागे असत. आपलं डोकं वहिनींपेक्षा किंचित सावकाश चालतं, एवढं त्यांना मान्य होतं. 'किंचित' या शब्दावर मात्र ते अडून बसत.

आलेले गृहस्थ वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक होते. गल्ली त्यांना काटेकाका म्हणायची.

"झाडं तिची, तराजू माझा," ते सांगू लागले. "दरवर्षी चार जाती लावायच्या. कुणाचं पीक किती ते मी वजन करून ठरवायचं, चव तिने ठरवायची. तिची पिवळी वजनात कायम शेवटून पहिली. मी चिडवायचो, अगं, एवढ्याशा फळांसाठी कुंडी कशाला अडवतेस? ती म्हणायची, खा आणि मग बोला. आधी आंबट, मग गोड, आणि अगदी शेवटी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी..." त्यांनी डोळे पुसले. "गेल्या हंगामात तिने पिवळीचं बी काढायला ठेवलं आणि दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. पुढे सुनेने ते धुऊन, वाळवून पुडी करून दिली. यंदा मी सगळं पेरलं. एकच रोप जगलं."

"चव घेतली होती?"

"छे! पिवळीचं पहिलं फळ सगळ्यांनी एकत्र खायचं, हा तिचा नियम. आज दुपारी तोच बेत होता. काल मी फिरून आलो, तर बुंध्यापासून कापलेलं. ज्याने हे केलं त्याचं मी जन्मात तोंड पाहणार नाही. जावई असो, नाहीतर शेजारचा शिंपी. माझा संशय शिंप्यावर आहे. महिनाभर कठड्यावरून माझ्या पिवळीकडे टक लावून बघत होता मेला."

वहिनी उठल्या. "चला, भावोजी. चहा राहू दे."

गच्चीवर तीन कुंड्या डवरलेल्या होत्या. लाल जातीच्या घोसांनी तर काठ्या वाकल्या होत्या. चौथ्या कुंडीत बोटभर बुंधा उरला होता आणि शेजारी मान टाकलेलं झाड पडलं होतं. त्याची पानं बाकीच्या तिन्ही झाडांसारखीच, कातरल्यागत दातेरी. काप एका घावात झालेला होता.

"कात्री," भावोजी पुटपुटले. "शिंपीच."

वहिनींनी फांद्या उचलून पाहिल्या. मग वाकून कुंडीमागची फरशी न्याहाळली. "एकही फळ नाही. कच्चीसुद्धा नाहीत. गळून पडलेलीही वेचून नेलीत."

"चोर हावरट होता."

"असेल," वहिनी म्हणाल्या. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली होती, आणि ती आठी भावोजींच्या चांगलीच ओळखीची होती.

जावई तिथेच घुटमळत होते. बी-बियाण्यांचे विक्रेते, बोलणं कुठेही न थांबणारं. बोटं हिरवी-काळी झालेली.

"हे बघा, लाल जात मी आणली, तीच वजनात पहिली आहे," ते तावातावाने म्हणाले. "जिंकणारा दुसऱ्याचं झाड कशाला कापेल? आणि बोटांचं म्हणाल, तर कालपासून फळं तोडतोय. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की हे असंच होतं. घासून घासून थकलो या नळावर."

"खाली धुवायचे की."

"या घरच्या सूनबाईंच्या स्वयंपाकघरात? गच्चीवरचे हात घेऊन तिथे पाऊल टाकायची कुणाची छाती नाही. माझे सासरेसुद्धा इथेच हात धुतात!"

खाली दिवाणखान्यात काटेकाकूंचा फोटो होता. मांडीवर फळांचा वाडगा, मागे झाडाची रुंद, सरळ कडांची पानं आणि चेहऱ्यावर खट्याळ हसू. वहिनी फोटोसमोर इतका वेळ उभ्या राहिल्या, की भावोजींना खोकावं लागलं.

सून स्वयंपाकघराच्या दारातच पाणी घेऊन आली. सरळ साधी बाई, पण आज नजर वर उचलत नव्हती.

"मला झाडांतलं काही कळत नाही," ती म्हणाली. "गच्चीवर मी पाऊल टाकत नाही. माझं जग एवढंच." तिने मागे हात केला. ओटा आरशासारखा लखलखत होता. "घरात जरा आंबूस वास आला, की मला चैन पडत नाही. भांडं घासून काढल्याशिवाय मी झोपत नाही."

"सासूबाईंशी पटायचं?"

सुनेचे डोळे भरून आले. "त्यांनी मला लेक मानलं होतं," एवढंच ती बोलली आणि आत वळली.

तिच्या मागे बेसिनजवळ पांढरा पंचा वाळत होता. ओलाच होता, साबणाचा वास येत होता आणि त्यावर हिरवट-पिवळी बोटं उमटली होती.

"हळद," बाहेर पडताना भावोजी जाणकाराच्या थाटात म्हणाले. "काही केल्या निघत नाही."

"तुम्ही इतकी वर्षं औषधं विकलीत ना?" वहिनी म्हणाल्या. "हळदीला साबण लागला की काय होतं?"

भावोजी बोटांवर काहीतरी आठवू लागले.

शिंपी यंत्रावर बसले होते. काटेकाकांचं नाव निघताच टाका चुकला.

"कात्री माझी आहे म्हणून चोर मी?" ते धुमसले. "कात्री कुणाच्या घरात नसते?"

"कठड्यावरून काय बघत होता?"

"काही नाही." त्यांनी नजर चुकवली. "झाड बघत होतो. म्हटलं, असं कसं... जाऊ द्या. मी एका माणसाला शब्द दिलाय."

खिडकीच्या पडद्याखालून कुंडीतली काही पानं डोकावत होती, रुंद आणि सरळ कडांची. ताण हलका करावा म्हणून भावोजी म्हणाले, "काय हो, कुंडीत बटाटे लावलेत?"

शिंपी दचकले. वहिनींनी भावोजींकडे असं काही कौतुकाने पाहिलं, की भावोजींना आपलं काय चुकलं तेच कळेना.

"आता दुपारी या गच्चीवर," वहिनी शिंप्यांना म्हणाल्या. "आणि रिकाम्या हातांनी येऊ नका. शब्द जिला दिलात, तिला आवडेल ते."

दुपारी गच्चीवर सगळे जमले. शिंप्यांना पाहताच काटेकाकांनी काठी उचलली. जावई मधे पडले.

"खाली बसा," वहिनींचा आवाज चढला. "तुम्ही मला तपास दिलाय. तो पुरा ऐका, मग काठी उचला."

काटेकाका धुसफुसत बसले.

"मी एकच प्रश्न धरून बसले. फळं कुठे गेली? शत्रूने झाड कापलं असतं, तर फळं तिथेच चिरडली असती. बी हवं असलेल्या चोराने पिकलेली नेली असती. इथे कच्ची गेली, पडलेलीही गेली. म्हणजे या झाडाचं एकही फळ कुणाच्या तोंडात जाऊ नये, अशी कुणाची तरी धडपड होती. तीही चवीच्या आदल्या दिवशी."

"का पण?" जावयांनी विचारलं.

"कारण काका एका घासात ओळखणार होते, की ही पिवळी त्यांच्या बायकोची नाही."

काकांनी मान झटकन वर केली.

"फोटोत काकूंच्या मागे झाड आहे. त्याची पानं रुंद, सरळ कडांची, बटाट्यासारखी. कापलेल्या झाडाची दातेरी. काका तराजूवाले, पानांकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. शिंप्यांनी पाहिलं आणि महिनाभर कोड्यात पडले. आता सांगा, जात बदलली कुठे? काकूंनी बी काढायला ठेवलं आणि काकांच्या हाती पुडी आली, त्या मधल्या काळात. बी काढायचं म्हणजे गर पाण्यात चार दिवस आंबू द्यायचा. त्याला घाण वास सुटतो. आणि या घरात आंबूस वास आला की भांडं..."

"घासलं मी." सून भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

वहिनींनी आवाज खाली आणला. "स्वयंपाकघरातल्या पंच्यावर हिरवट-पिवळी बोटं होती. हळद असती तर साबणाने लाल झाली असती. तो टोमॅटोचा डाग होता, आणि तिथे गच्चीवरचे हात घेऊन तुमच्याशिवाय कुणी जात नाही."

"मला वाटलं, काहीतरी नासलंय." सून हुंदके देत बोलू लागली. "गराचा तो कप घासला. आणि त्याच संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला. मग बाबांनी विचारलं, तिचं बी कुठंय? कसं सांगू? घरातून माणूस गेलेलं, आणि त्याचं उरलंसुरलं मी मोरीत ओतलेलं. बाजारातून पिवळ्या टोमॅटोचं बी आणलं आणि पुडी बांधली. रोज वाटायचं सांगावं. काल धीर सुटला आणि झाडच कापलं."

काटेकाकांच्या हातातली काठी गळून पडली.

"फळं आणा," वहिनी म्हणाल्या.

सुनेने पिठाच्या डब्यामागे लपवलेली पिशवी आणली. काकांनी एक फळ तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं.

"गोड आहे," ते म्हणाले. "नुसतंच गोड."

मग शिंपी पुढे झाले. रुमालाखाली वाडगा होता, त्यात पिवळीधमक फळं. "काकूंनी दिला होता फुटवा, बरीच वर्षं झाली. बगलेतला कोंब पाण्यात ठेवला की मुळं धरतो म्हणाल्या. आणि म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, ह्यांना वाटतं ही जात घराबाहेर जाऊ नये. शब्द दिला होता. पण आता तो पाळून काय करू?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं भावोजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. काकांकडे पाहून ते गप्प बसले.

काकांनी फळ खाल्लं. डोळे मिटले. गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"लिंबाची साल," ते म्हणाले.

 सून पदर तोंडावर दाबून उभी होती. जन्मात तोंड पाहणार नाही, असं काका कालपासून घरातही म्हणत होते, ते तिने ऐकलं होतं. 

काका उठले, थेट तिच्याकडे गेले आणि तिच्याकडे पाहिलं.

"कप आण," ते म्हणाले. "तोच."

तिने आणला. त्यांनी वाडग्यातली चार फळं कपात चुरडली, वर पाणी ओतलं आणि कप तिच्या हातात दिला.

"चार दिवस तुझ्या ओट्यावर ठेव. वास सुटेल." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "घासू नकोस, पोरी."