आधी ब्रेक, मग बाबा

गेल्या वर्षी सोळा ऑगस्टला, संध्याकाळी सातला, मी शेजारच्या कुनिहारूकडे कलिंगड द्यायला गेलो. हसू नका पोरांनो, भुताच्या गोष्टीत कलिंगडही असतं. ओबोनचा शेवटचा दिवस. तेराला दाराशी काड्यांचा जाळ करून पितरांना घरी आणायचं, तीन दिवसांनी तसाच जाळ करून निरोप द्यायचा. त्याचे वडील तोकुजी वसंतात गेलेले, म्हणजे त्यांचं पहिलंच ओबोन. आणि हा पठ्ठ्या गाडीखाली!

पुढच्या डिस्क, पॅड, रबरी नळ्या, सगळं नवं घातलेलं; त्यासाठी पॅड आवळणारे दोन्ही कॅलिपर काढून परत बसवलेले. आता कॅलिपरच्या निपलमधून, म्हणजे बारक्या तोटीतून, ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढत होता. गॅरेज सणाला बंद, आणि सकाळी सहाला आईला डायलिसिसला घाटाखाली न्यायचं. अकरा वळणं. पायडल मात्र लोण्यात गेल्यासारखं तळाला जात होतं.

"दाब!"

"दाबलं." आत बसलेली त्याची बायको साची.

"धर... सोड!"

"सातव्यांदा सोडलं. पाय गळायला आला माझा."

"बाबा असते तर एव्हाना झालं असतं!"

"मग त्यांनाच बोलाव! आलेलेच आहेत ना घरी!" दार आपटून ती सासूपाशी जाऊन पडली.

मी म्हटलं, "अरे, अंधार पडला. आधी जाळ कर. म्हातारा ताटकळलाय."

"काका, आधी ब्रेक, मग बाबा. जन्मभर मला ताटकळवलं, आता थांबू देत जरा."

मला राग आला. कलिंगड ठेवून निघालो. पुढचं त्यानेच सांगितलं.

नऊ वाजून वीस मिनिटं. हातात पाना, तोंडात शिव्या. सवयीने तो म्हणाला, "दाब."

पायडल करकरलं.

त्याला वाटलं, साची आली. "धर." तेल आलं. "सोड." सुटलं... अगदी वेळेवर. पुन्हा. पुन्हा. दर वेळी पायडल तळाला आपटलेलं ऐकू येई. त्याने पाना भिरकावला. "मरू दे मेलं!"



मग... टक. टक. कॅलिपरवर.

त्याने बॅटरी मारली. निपल खाली तोंड करून. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे बसवलेला. हवा वर, भोक खाली. वर्षभर काढली असती तरी निघाली नसती. तोकुजी कायम हेच ओरडायचा, "निपल आभाळाकडे, गाढवा!"

अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली. शेवटचं "दाब." या वेळी आपटलं नाही. "धर." निपल आवळला. झालं!

"साची, जमलं गं!"

"काय जमलं?" ती घराच्या दारात. डोळे चोळत. "मी झोपले होते..."

गाडी रिकामी. चावी त्याच्या खिशात. मागचे ब्रेकचे दिवे... लाल.

विझेनात.

मग त्याला आठवलं. बाबांचा नियम. सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत शिरते. त्याने 'सोड' म्हटलंच नव्हतं.

त्याने दाराशी जाऊन काड्या पेटवल्या. जाळ वर आला. तो रडायलाच लागला. "चुकलो, बाबा. झालंय सगळं... सोडा आता."

दिवे विझले.

पहाटे त्याच्या आईला गाडीत बसवायला मी गेलो होतो. घाट नीट उतरले ते, म्हातारी वेळेवर पोचली. पण निघण्याआधी त्याने मला पायडल दाखवलं. तोकुजी ब्रेक दाबायला नेहमी जोडे काढून बसायचा. त्याच्या उजव्या पायाची करंगळी करवतीत गेलेली, ते तुम्हाला ठाऊक आहे.

रबरावर काड्यांची राख होती. अनवाणी पायाची...

चार बोटं.